आजही धुकं

बंदरावरच्या हवामान कचेरीबाहेरच्या फळ्यावर तिने आठवड्यातला तिसरा धुक्याचा इशारा लावला, तेव्हा ऊन इतकं लख्ख होतं की समोरच्या बेटावरची घरं मोजता आली असती. धक्क्यावर दुपारच्या बोटीची रांग लागली होती. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आल्या धुकेबाई." बाकीचे हसले. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आत गेली.

इशारा असेपर्यंत प्रवासी बोट सोडायची नाही, असा नियम होता. आधीच्या दोन्ही वेळा बोट अडकून पडली आणि धुकं काही आलं नाही. म्हणून आज बोटीचा मॅनेजर तडक तिच्या खोलीत आला. भांडला नाही. खुर्ची ओढून बसला आणि गोडीगुलाबीने म्हणाला, 'धुकं' हा शब्द तेवढा काढा, 'दुपारनंतर थोडं अंधुक' असं लिहा. तुमचंही राहील, आमचंही चालेल. बेटावरची माणसं इथे ताटकळली आहेत, त्यांतल्या एकीचं तान्हं मूल पलीकडे शेजारणीजवळ आहे. हे शेवटचं तिला लागलं. तरी ती म्हणाली की अंधुक होईलसं वाटलं असतं तर अंधुकच लिहिलं असतं.

मॅनेजरने तिच्यादेखत तिच्या साहेबांना फोन लावला आणि तिच्या हातात दिला. साहेबांनी आधी समजावलं, मग सुनावलं. पुन्हा तोंडघशी पडलात तर त्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसवावं लागेल.

"बसवा," ती म्हणाली. "आज मी बसलेय."

मॅनेजर तणतणत बाहेर पडला आणि दारात दादा उभा राहिला. तिचा सख्खा थोरला भाऊ, त्याच बोटीचा कप्तान. लोक त्याला तोंडावर विचारत होते, बोट तू चालवतोस की तुझी बहीण? त्याने ते सगळं तिला ऐकवलं.

टेबलावरच्या थंड पाण्याच्या बाटलीला घाम फुटला होता. तिने ती त्याच्यापुढे सरकवली. बाटली गळत नाहीये, हवेतला दमटपणा गार काचेला लागून त्याचं पाणी झालंय, असं म्हणाली. समुद्र सध्या या काचेसारखा गार आहे आणि त्याच्यावरून उबदार, दमट वारा सरकतोय. हवा किती गार झाली की तिच्यातल्या वाफेचे थेंब होतील, तो आकडा तिने सकाळीच काढला होता. समुद्राचं पाणी त्याहून गार होतं. वारा असाच संथ राहिला, तर धुकं पाण्यावर पसरत किनाऱ्याला लागणार. वाऱ्याने जोर धरला, तर तेच धुकं वर उचललं जाणार, त्याचा ढग होणार आणि खाली सगळं स्वच्छ. मागच्या दोन्ही वेळा वाऱ्याने ऐनवेळी जोर धरला होता.

"आज धरणार नाही कशावरून?" दादाने विचारलं.

"धरेलही. अशा दहा दिवसांत सहादा धुकं येतं, चारदा नाही."

"म्हणजे चारदा तू खोटी पडणार."

"चारदा मी शिव्या खाईन. उरलेल्या सहांत तू भर पाण्यात असशील, बोट माणसांनी भरलेली, आणि तुला बोटीचं टोकसुद्धा दिसणार नाही."

दादा निघून गेला. ती त्याच्या मागोमाग बाहेर आली, तर फळ्यावरचा कागद कुणीतरी फाडलेला. तिने दुसरा लिहिला, लावला आणि फळ्याला पाठ टेकून उन्हात उभी राहिली. तान्ह्या मुलाची आई रांगेतून तिच्यापाशी आली. तिच्या पदरावर दुधाचा ओला डाग पडला होता.

"तुमचं कुणी नाही वाटतं पलीकडे," ती बाई म्हणाली.

"नाही," हवामानवाली म्हणाली. तिने मान खाली घातली नाही.

दुपार कलली तसा वारा सुटला. फळ्यावरचा कागद फडफडायला लागला. समुद्राकडून एक पांढरा, सपाट ढग आला आणि सगळ्यांच्या डोक्यावरून सावकाश जमिनीकडे गेला. खाली बेट स्वच्छ दिसत होतं.

मॅनेजरने वर बोट केलं. "हेच का ते तुमचं धुकं?"

"हो," ती म्हणाली. "हेच."

वारा पुरता वाढल्याची खात्री झाल्यावर तिने स्वतःच इशारा उतरवला. दिवस असतानाच बोट सुटली. बाळाची आई तिच्याकडे न पाहताच तिच्या जवळून गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन लख्ख होतं. समुद्र गार, हवा दमट, वारा संथ. खिडकीबाहेर मॅनेजर हाताची घडी घालून तिचं लिहून होण्याची वाट बघत होता. तिने आकडे दोनदा ताडून पाहिले, बाहेर येऊन कागद लावला आणि चारही कोपरे टाचण्यांनी पक्के केले. रांगेत या वेळी कुणी हसलं नाही. एकजण पचकन थुंकला.

दादाने धक्क्यावरूनच फळा वाचला. त्या निरभ्र आकाशाकडे एकदा पाहिलं. मग खाली वाकला आणि बोटीला दुसरा दोर बांधायला लागला.