कार्डावरचं कानबाईचं गाणं

शिंदखेड्याच्या स्टँडसमोर अमृतचं मोबाइलचं दुकान. भागाबाईंनी पदराची गाठ सोडून एक जुनं मेमरी कार्ड त्याच्या हातात दिलं. त्यांच्या वारलेल्या लेकीनं, कोकिळानं बायकांसोबत म्हटलेलं कानबाई देवीचं गाणं त्यात होतं. ते नव्या फोनच्या कार्डात टाकायला सांगून त्या बाजारात गेल्या.

अमृतला जेवायची घाई. त्यानं गाणं कॉपी करायचं सोडून कट केलं आणि स्क्रीनवरची हिरवी पट्टी भरायच्या आतच कार्ड ओढून काढलं. गाणं जुन्या कार्डात राहिलं नाही आणि नव्यातही आलं नाही.

खरं सांगायला त्याची जीभ रेटेना. कॉम्प्युटरवर कुठल्याशा बायकांचं कानबाईचं गाणं पडलेलं होतं, तेच त्यानं कोकिळाच्या नावानं भरून दिलं. इतक्या आवाजांत म्हातारीला काय कळतंय, अशी मनाची समजूत घातली. पण त्या दिवसापासून त्याला भाकरी गोड लागेना.

आज भागाबाई पुन्हा आल्या. अमृतनं मान खाली घातली.

"गानं बेस शे, भाऊ," त्या म्हणाल्या. "पन मनी पोर कोकिळा तुले वळखे का?"

"नाही, अक्का. मी तिला कधी पाहिलंसुद्धा नाही."

त्यांनी फोन काउंटरवर ठेवून गाणं लावलं. त्यानं भरलेल्या त्याच परक्या बायका गात होत्या. मग त्यांतला एकेक आवाज गप्प होत गेला. शेवटी एकच उरला, धाप लागलेला.

"अमृतभाऊ, कार्ड काढू नको ना. नव्या कार्डमा मी आजून पुरी उनी नही."