पांढरी जर्सी

ओहायोतल्या आमच्या अमेरिकन फुटबॉल क्लबने एकदाच जिंकलेल्या अंतिम सामन्याच्या सहा जर्सी संग्रहालयात माझ्या टेबलावर होत्या. पाच चिखलाने कडक झालेल्या. सहावी, डेल रिटर यांची, पांढरीशुभ्र. तिच्यावर चिखलाचे दोनच शिंतोडे होते. काचेच्या कपाटात फक्त तीच लावायचं ठरलं होतं.

रिटर स्वतः पाहायला आले. ते संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारे. समोरचा संघ नेहमी त्यांनाच लोळवायला धावून यायचा.

"साहेब, ही नंतर धुतलीत ना? पाटीवर तसं लिहावं लागेल," मी म्हणाले.

"कधीच धुतली नाही, पोरी." त्यांनी चिखलाच्या जर्सींवरून हात फिरवला. "हे पाचजण माझ्यापुढे भिंतीसारखे उभे राहायचे. ही स्टॅनची. तो म्हणायचा, 'लाडोबा, आम्ही आहोत तोवर तुझी धुलाई व्हायची नाही.'"

"आणि त्या दिवशी?"

"दिसतंय की समोर. माझी राहू दे, यांना लाव आत."

मी त्या पाचही जर्सी शेजारी शेजारी टांगल्या. कपाटात चार इंच जागा उरली; पांढरी त्यात मावणार नव्हती.