फोटोत नसलेला हात

चीनला कार्यक्रमासाठी गेलेल्या कमलेशचे फोटो सकाळपासून मोहाडीला घरी येत होते. चीनच्या भिंतीवर कमलेश, राजवाड्यापुढे कमलेश, तळ्याच्या काठी कमलेश. त्याची आई देवकाबाई एकेक फोटो मोठा करून बघत होती. पोराचा उजवा हात एकाही फोटोत दिसत नव्हता. शेवटी न राहवून तिनं व्हिडिओ कॉल लावला.

“हात दाखव.”

“काही नाही झालं, माय.”

“काहून लपवून राहिला? दाखव म्हणते ना!”

मनगट टम्म सुजलं होतं.

“भिंतीच्या पायऱ्यांवरून घसरलो. तासाभरात कार्यक्रम हाये, अन् ढोलकीवाला मी एकटाच. बाबाले सांगू नको.”

गोपीचंद तिच्या मागेच उभा होता. पोरानं राइस मिलची नोकरी सोडून ढोलकी धरली, तेव्हापासून दोन वर्षं त्यानं पोराशी बोलणं टाकलं होतं. आता हा काय बोलतो, म्हणून देवकाबाईनं वळून पाहिलं. गोपीचंदनं पितळी परात ओढून मांडीवर घेतली.

“उजवा हात नुसता टेकव. सारा ठेका डाव्यावर घे. असा, पाह्य. माहा हात मोडला होता, तवा मंडईच्या जत्रेतली सारी नाटकं मी असीच वाजवली.”

परातीवर ठेका घुमू लागला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि आपला नवरा ढोलकी वाजवायचा, हे देवकाबाईला आज कळत होतं.