कराची ते लंडन, दुपारपर्यंत

घरातलं माणूस प्रवासाला निघालं, की ते पोचेपर्यंत गंगम्मा अन्नाला शिवत नसत. बैलगाडी अर्ध्या दिवसावरच्या येरमाळ्यापलीकडं जात नव्हती तोवर हा नेम परवडत होता. पण शेचाळीस साली नातू गुरुलिंग शिकायला विलायतेला निघाला, तोही विमानानं.

कळंबला भूगोल शिकवणाऱ्या मार्तंड मास्तरांना ठाऊक होतं, की कराची ते लंडन चार हजार मैल, आणि वाटेत मुक्काम धरून तीन दिवस. पण समोर नुकतीच तापातून उठलेली सत्तरीची म्हातारी होती.

"मास्तर, कवा पोचंल वो?"

"सकाळी उडालंय ना, अव्वा? दुपारपर्यंत पोचतंय."

"मंग येरमाळ्याएवढंच की," म्हणत गंगम्मा घरी जाऊन दुपारी पोटभर जेवल्या.

मास्तरांचा असल्या नेमांवर काडीचा विश्वास नव्हता. तरी विमान हवेत असताना धोका कशाला, म्हणून त्यांनी स्वतःचं ताट बाजूला सारलं आणि तीन दिवस पाण्यावर काढले.

चौथ्या दिवशी गंगम्मा हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, पातेलं घेऊन दारात उभ्या.

"पोचल्याची तार आली. तुमच्या मंडळींनी समदं सांगितलं मला," त्या पान वाढत म्हणाल्या. "नातू माझा आन् उपास तुमचा व्हय? बसा जेवायला."