निगा

माझी बारा बोअरची बंदूक विकायला परवानगी मिळाली, तसे बंदुकीचा परवाना असलेले नाथाजी ती विकत घ्यायला म्हसवडहून कडेगावला आले. याच बंदुकीवर मी आयुष्यभर बँकेत पहारेकरी होतो. बायको गेल्यापासून मात्र ती डोळ्यांसमोर नको वाटायची.

नाथाजींनी नळी उजेडाकडे धरली. "आवं बापू, आरशागत हाय की! गडीमाणसाची निगा लपत न्हाई बघा."

मी नुसती मान डोलावली.

"एकदा खोलून दावा. कशी साफ करता ते बघू द्या."

मी बरीच खटपट केली, पण नळी सुटी होईना. माझी मुलगी क्रांती चहा घेऊन आली होती. तिने कप खाली ठेवले, बंदूक माझ्या हातातून घेतली आणि सहज नळी वेगळी केली.

"काका, आबांनी कवाच साफ केली न्हाई. आईच करायची. तिनंच शिकवलंय मला."

माझी मान वर होईना. नाथाजींनी मात्र खुशीत खिशातून फोन काढला.

"थांब पोरी, आमच्या हिला व्हिडिओ कॉल लावतो. कशी साफ करायची ते तिलाच नीट समजावून सांग."