चार खणांची ट्रॉली

चौथा खण काही केल्या उघडत नव्हता.

हमीदानं ट्रॉली अंगणात आडवी पाडली, खणाच्या फटीत घासलेट ओतलं आणि लाकडी ठोकळा लावून हातोडीचे ठोके घालायला सुरुवात केली. सकाळी सकाळी सगळ्या गल्लीत ठणठणाट झाला. ओट्यावर चहा पीत बसलेला तिचा मुलगा जीशान वैतागला. तो त्याच पहाटे पुण्याहून पुसदला उतरला होता. अब्बांची पहिली बरसी चार दिवसांवर आली होती.

अवजारांची ही ट्रॉली अब्बांची. रहमत मिस्तरींनी बसस्टँडच्या रस्त्यावर तीस वर्षं मोटरसायकली दुरुस्त केल्या, त्या हिच्याच जोरावर. चार वर्षांपूर्वी लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला. दुकान सुटलं, ट्रॉली घरच्या अंगणात आली आणि पावसात गंजत पडली. त्यानंतर अब्बा अंगणातच फाटकाआड खुर्ची टाकून बसायचे आणि डाव्या हातानं जमेल तेवढं काम करायचे, असं जीशाननं फोनवर ऐकलं होतं. पाहिलं कधी नव्हतं. तो यायचा ईदला, आणि ईदला काम बंद असायचं.

"भंगारवाल्याले दोनदा घेऊन आलो मी," धाकटे काका अय्याज ओट्याच्या कडेला टेकत म्हणाले. "दोन्हीबार वापस पाठवला हिनं. कायले जपून राह्यली भाभी? चालवनारा तर गेला."

"ट्रॉली तर नाही गेली," हमीदा म्हणाली आणि पुन्हा ठोका घातला. खण कर्रकन् पुढं आला.

जीशानला सगळं लख्ख समजलं. पंधराव्या वर्षी अब्बांनी त्याच्या हातात पाना दिला होता आणि त्यानं तो तसाच खाली ठेवून दिला होता. अब्बा एक शब्द बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून बाप-लेकात एक अवघडलेपण आलं, ते शेवटपर्यंत गेलं नाही. अब्बांनी जे तोंडानं मागितलं नाही, ते आता अम्मी ट्रॉली दुरुस्त करून त्याच्यापुढं उभं करत होती. त्यानं मनाशी ठरवलं, काही झालं तरी नमायचं नाही.

हमीदानं दोन दिवस तारेच्या ब्रशनं गंज खरवडला. लाल भुकटीनं तिचे हात, पदर, भुवयासुद्धा माखल्या. पॉलिश पेपर मारला, अस्तर दिलं, वर गडद निळा रंग चढवला. जाम झालेली चाकं काढून नवी बसवली. "जरा उचलू लाग," एवढंच ती जीशानला म्हणाली. त्यानं उचललं आणि लगेच हात धुऊन टाकले.

बरसीच्या दिवशी फातेहा झाला, पंगती उठल्या. पाहुणे निघताना अय्याजकाकांनी जीशानच्या पाठीवर थाप मारली. "आता हाच सांभाळीन सगळं. बापाची गादी हाये शेवटी."

जीशाननं पाठीवरचा हात बाजूला सारला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बॅग भरूनच अंगणात आला. हमीदा ट्रॉलीच्या चाकाचा नट आवळत होती. काका चहाला आलेच होते. त्यांच्यासमोरच तो बोलला.

"अम्मी, साफ सांगतो. हे सगळं माझ्यासाठी करून राह्यली असशील तर नको करू. मी पुसदले येनार नाही. मले हे काम नाही करायचं."

"तुले कोनं बोलावलं?" तिनं मानही वर केली नाही.

जीशाननं बॅग खांद्याला अडकवली.

तेवढ्यात फाटकाशी एक मोटरसायकल धडधडत येऊन बंद पडली. माळपठारावरचे बबनराव, अब्बांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी गाडी स्टँडला लावली, गमछ्यानं तोंड पुसलं आणि सरळ हमीदाकडं वळले.

"वर्ष होऊ द्या म्हनलं होतं तुम्ही, भाभी. झालं. तीन जनाले दाखवली, इंजिनचा आवाज काही जात नाही. आता तरी खोला."

अय्याजकाका हसले. "बबनराव, मिस्तरी तर गेले."

"मिस्तरी गेले, खरं हाये. पन त्यायचा हात तर चार वर्साआधीच गेलता. ते खुर्चीवरून सांगत अन् भाभी खोलत. शेवटी शेवटी तर मिस्तरी सांगतही नसत, नुसते पाहत. माही गाडी तीनदा उघडली भाभीनं. तुमाले घरच्याले नाही मालूम?"

काकांचा कप बशीवर वाजला. जीशान अम्मीच्या हातांकडं पाहत राहिला. नखांच्या कडांत मुरलेली काळी रेघ दर ईदला त्याच्या वाटीत शीरखुर्मा वाढताना दिसायची. चुलीची असेल, असं त्याला वाटायचं. घरात गॅस येऊन वीस वर्षं झाली होती.

"घरात चाललं ते चाललं," काका आवाज चढवून म्हणाले. "आता रस्त्यावर बसनार का भाभी? लोक काय म्हनतीन?"

"लोक गाड्या घेऊन येतीन," हमीदा म्हणाली.

तिनं पदर कमरेला खोचला आणि ट्रॉलीला धक्का दिला. भरलेली ट्रॉली फाटकातून भर रस्त्यावर गेली. समोरच्या किराणा दुकानातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. वरचा खण ओढला, न चाचपडता हवा तो पाना उचलला आणि इंजिनापाशी उकिडवी बसली.

जीशाननं बॅग ओट्यावर ठेवली. काहीतरी बोलायला हवं होतं. माफी मागावी की नुसतं जवळ उभं राहावं, त्याला कळेना. तो रस्त्यावर आला आणि तिच्यावर वाकला.

"अम्मी, मी काय करू?"

"बाजूले सरक," हमीदा म्हणाली. "उजेड अडवून राह्यला."