रविवारचे मौन

विपश्यनेच्या शिबिरातून परतल्यापासून अभय दर रविवारी मौन पाळू लागला. विकास नगरातल्या त्या घरात पाणी, सब्जी, लेक अवनीचा अभ्यास, सारे बायको नीलमच्याच गळ्यात. तीही आठवडाभर बँकेत राबे. पण तिने मदत मागितली की हे महात्मे डोळे मिटून ओठांवर बोट ठेवीत. कमलाबाईंना लेकाच्या या आयत्या वैराग्याचा तिटकारा होता.

या रविवारी नीलम बॅग घेऊन सासूच्या पाया पडली.

“आई, तुम्ही माझाही शिबिराचा फॉर्म भरलात म्हणून जमले. दहा दिवस फोनसुद्धा नसेल.”

“निवांत जा.”

अभयचे मौन तुटले. “अच्छा, आणि अवनीचा टिफिन, ट्यूशन, सब्जी कोण बघणार, आई?”

 

कमलाबाईंनी शांतपणे डोळे मिटले आणि ओठांवर बोट ठेवले.